ओहोटीच्या मॅडम

गुप्ते मॅडमची आणि माझी ओळख चिखलामुळे झाली. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीचा मी तेव्हा नुकताच सेक्रेटरी झालो होतो, आणि नव्या सेक्रेटरीला जे होतं तेच मला झालं होतं. जिन्यात पडलेला कागदाचा कपटासुद्धा मला माझा अपमान वाटायचा. एका सकाळी बघतो तर तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत काळ्या चिखलाचे पाय उमटलेले. खाडीचा चिखल. तो मला वासावरून कळतो, कारण आमचं गाव खाडीकाठचंच. आधी मीठ, मग भात, आणि आता भाडेकरू, एवढाच काय तो फरक.

पायांचा माग काढत वर गेलो. दार उघडंच होतं. आत एक काटकुळ्या बाई, सलवार गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, हातात चहाचं पितळी गाळणं.

"सेक्रेटरी ना? या. चपला काढू नका, आत पण चिखलच आहे."

"मॅडम, जिना..."

"पुसते. आधी चहा पिते. तुम्ही घेणार?"

मी रागात असल्यामुळे नको म्हणालो. त्यांनी चहा प्यायला, कप विसळला, आणि मग बादली घेऊन वरपासून खालपर्यंत अख्खा जिना स्वतः पुसून काढला. वॉचमन धावत आला तर त्याला म्हणाल्या, "चिखल मी आणलाय, तू का पुसणार?" पुढे जितक्या वेळा चिखल आला तितक्या वेळा तो त्यांनीच पुसला. कोणाला हात लावू दिला नाही.

माझ्या दारावरच्या पाटीवर 'श्री. जयेश म्हात्रे, बी. कॉम.' असं लिहिलेलं आहे. लोक त्याला हसतात हे मला माहीत आहे. हसोत. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं; ज्यांच्या घरात आजोबांपासून डिग्र्या आहेत त्यांना ती पाटी काय कळणार? मॅडम पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा पाटीसमोर थांबल्या, चष्मा वर करून नीट वाचली, आणि म्हणाल्या, "छान. पितळेची केली असतीत तर अजून टिकली असती." त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. लग्न केलेलं नव्हतं. बडोद्याला धाकटा भाऊ, तो रविवारी फोन करायचा, बस. बाकी त्यांचा सगळा दिवस घड्याळावर नाही, तर पाण्यावर चालायचा. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तसं त्यांचं जेवण सरकायचं, झोप सरकायची, आंघोळसुद्धा सरकायची. कधी दुपारी तीनला नाश्ता, कधी सकाळी नऊला वरणभात. वॉचमन त्यांना ओहोटीच्या मॅडम म्हणायचा. "ओहोटीच्या मॅडम गेल्या का?" "आत्ताच गेल्या, काठी घेऊन."

याचा एक परिणाम असा झाला की त्यांना कुठे बोलावणं कठीण होऊन बसलं.

"मॅडम, उद्या सत्यनारायण आहे, पाचला तीर्थप्रसादाला या."

"पाचला ओहोटी आहे हो. सातला चालेल?"

सातला पूजा आवरलेली असते. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा माणूस बोलवत नाही. यात कोणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हळदीकुंकू, बारसं, केळवण, हळूहळू सगळीकडून त्यांचं नाव गळालं, आणि त्यांना ते कळलं होतं की नाही हेही मला कधी कळलं नाही.

ओहोटीला त्या जायच्या कुठे, तर आपल्याच खाडीच्या बांधावर. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे फ्लेमिंगो उतरतात आणि रविवारी त्यांचे फोटो काढायला तोफेएवढाल्या लेन्स घेऊन माणसं जमतात. सगळे कॅमेरे समोर, गुलाबी रंगाकडे. मॅडम एकट्या खाली बघत चालायच्या. त्यांचा जुना, हातात मावणारा कॅमेरा होता. त्या चिखलातल्या खड्ड्यांचे फोटो काढायच्या.

पाकटाचे खड्डे.

पाकट माहीत नसेल असा खाडीकाठचा माणूस नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. चपटा मासा, पंखांसारखे पर, मागे चाबकासारखी शेपूट आणि शेपटीवर विषारी काटा. तळाला चिखलात स्वतःला पुरून पडून राहतो. मॅडमनी हा मासा माझ्या बायकोला, वैशालीला, आमच्या स्वयंपाकघरात शिकवला. ती पोळ्या लाटत होती. मॅडमनी पोळपाटावरची पोळी उचलली.

"हे बघ, हे पाकट. डोळे वर, तोंड खाली. चिखलात पडून राहायचं तर तोंडाने पाणी कसं घेणार? म्हणून डोळ्यांच्या मागे दोन भोकं, श्वास तिथून. भरती आली की पाण्याबरोबर किनाऱ्यावर यायचं, पर फडफडवून चिखल उडवायचा, खड्डा करायचा, आणि त्यातले शिंपले, कुर्ल्या दाढांनी फोडून खायच्या. गंमत काय, डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे जे खातं ते त्याला आयुष्यात कधी दिसत नाही."

"आमच्या ह्यांचं पण तसंच आहे," वैशाली म्हणाली. "मोबाइल बघत जेवतात."

मॅडम इतक्या हसल्या की पोळी हातातून पडली. त्यांना हसताना मी मोजक्याच वेळा पाहिलं.

मग त्या थंड समुद्रातल्या पाकटाच्या चुलत भावंडांबद्दल सांगायच्या. ती माणसाच्या उंचीएवढी होतात, खोल काळोख्या तळाला राहतात. आपलं पाकट पिल्लं देतं, ती अंडी घालतात. चार शिंगांची, चामड्याच्या पाकिटासारखी पिशवी, आत एक पिल्लू. आई पिशवी वाळूत ठेवून निघून जाते ती परत येत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला बाहेर यायला कधी वर्ष उलटतं. तोपर्यंत ते आत एकटं शेपूट हलवत बसतं, कारण शेपूट हलली तर पिशवीत ताजं पाणी येणार. "थांबलं की संपलं," मॅडम म्हणायच्या, आणि पुढचं बोलणं दुसऱ्याच कुठल्या विषयावर न्यायच्या.

एकदा मी त्यांना गावच्या घरी माझ्या वडिलांकडे घेऊन गेलो. आमचे आबा आयुष्यभर खाडीत जाळं टाकत आले, आता ओटीवर बसून भाडेकरूंच्या गाड्या मोजतात. मॅडमनी विचारलं, सगळ्यात मोठं पाकट केवढं पाहिलंत? आबांनी दोन्ही हात पसरले, मग ते पुरेनात म्हणून ओटीवरच्या खाटेकडे बोट दाखवलं.

"यवरा. खाटंयवरा. आमी पोरा होतो तवा. चार जनांनी जाल्यासकट वरला."

"मादी असणार. यांच्यात बाई मोठी असते."

"ता काय आमी बगला नाय. पयली शेपटी तोराची, मंग बाकीचा. काटा लागला ना, मानूस रात्रभर वरडते."

"आणि मग?"

"मंग काय, खाल्ला." आबांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं. "तुमी नाय खात?"

"मासे खाते. पाकट नाही खात. ओळख आहे."

"खाल्ल्याबिगर वलख कशी व्हल, मॅडम?"

  परत येताना गाडीत, जुईनगरच्या सिग्नलला, मॅडम मला म्हणाल्या, "म्हात्रे, एक आहे अजून."

"काय?"

"खाटेएवढी. खाडीत एक मोठी अजून आहे. येते. तिचे खड्डे मी बघतेय ना. लहान माशाचा खड्डा बशीएवढा असतो. हिचे परातीएवढे आहेत, सगळे सारखेच. एकच आहे, आणि एकटीच येते."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. "मी जन्मभर पोरांना पाकट शिकवलं. ट्रेमध्ये, फॉर्मलिनमधलं, कडक झालेलं. मोठी, जिवंत, एकदाही बघितली नाही. एकदा बघायची आहे. बाकी माझं काही राहिलेलं नाही."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला म्हणून मी गाडी काढली, पण माझ्या डोक्यात तेच राहिलं. म्हणून त्या वर्षी सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीच्या हॉलमध्ये मी त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठेवलं. कल्पना माझी, आग्रहही माझाच. दोरीला चिमटे लावून हॉलभर खड्ड्यांचे फोटो टांगले. लोक आले, वडापाव खाल्ले. "हे काय, चंद्र आहे का?" असं विचारून झालं. मॅडम कडक इस्त्रीची सुती साडी नेसून एकेका फोटोसमोर उभ्या राहून सांगत होत्या. कित्येक खड्ड्यांत मधोमध चिखलाचा उंचवटा होता. ती तिची खूण, त्या सांगत होत्या. पर फडफडवताना कडेचा चिखल उडतो, पोटाखालचा राहतो, तो हा उंचवटा.

शिंदेकाका तिसऱ्या मजल्यावरचे. साताऱ्याकडचे, बँकेतून निवृत्त झाल्यावर लेन्स घेतलेल्यांपैकी एक. ते एका फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, डोकं खाजवलं, मग मोबाइल काढला.

"मॅडम, राग मानू नका. पन ह्यो खड्डा पडताना मी बघितलाय."

"पडताना?" मॅडमचा चेहरा उजळला. मला अजून आठवतं, अगदी लहान मुलीसारखा उजळला. "तुम्ही बघितलीत तिला?"

"तिला न्हवं. फ्लेमिंगोला."

त्यांनी व्हिडिओ लावला. एक फ्लेमिंगो, डोकं खाली पाण्यात, पायाने चिखल तुडवत एकाच जागी गोल फिरतोय. "जात्यावर दळाय बसल्यागत," शिंदेकाका म्हणाले. तो फिरून फिरून बाजूला झाला, पाणी जरा ओसरलं, आणि खाली गोल चर होता. मधोमध उंचवटा.

"परत लावा," मॅडम म्हणाल्या.

काकांनी परत लावला.

"परत."

 कोणाची तरी मुलगी वडापावचा कागद चुरगाळत होती तेवढाच आवाज. मॅडमनी चष्मा पुसला आणि मला म्हणाल्या, "म्हात्रे, स्टूल आणा. मधे उंचवटा आहे ते सगळे उतरवायचे."

"राहू द्या ना मॅडम, आता काय..."

"चुकीचं शिकवायचं नाही."

मी चिमटे काढत गेलो, त्या खालून सांगत गेल्या. हा काढा. हा पण. हा नीट दिसत नाही, काढा. दोऱ्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी खिडकीजवळच्या कोपऱ्यात मोजके फोटो उरले. नुसता वाडगा, उंचवटा नाही, एका कडेला चिखल फेकलेला, तळाशी शिंपल्यांचा चुरा. ते खरे. पण त्यांचे रंग उडाले होते. ते त्या नोकरीत असतानाचे, जुने, फार जुने होते.

मॅडमनी ते एकेक करून जवळून बघितले. "म्हणजे हे शेवटचे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर ती आली नाही. इतकी वर्षं मी पक्ष्यांचे पाय मोजत होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूचनाफलकावर लावायला कागद आणून दिला. 'काल दाखवलेली बहुतेक चित्रे फ्लेमिंगोंनी केलेल्या खड्ड्यांची होती. चूक माझी.' खाली सही. मी त्यावर सोसायटीचा शिक्का मारून लावला. शिकलेली माणसं मी खूप बघितली आहेत, आमच्या ऑफिसात तर भरलीत. आपली चूक शिक्क्यानिशी फलकावर लावणारं दुसरं कोणी मी बघितलेलं नाही.

शिंदेकाकांची झोप उडाली होती. मला म्हणाले, "च्यायला, कशाला दावलं मी?" माफी मागायला त्यांच्याकडे गेले, तर मॅडमनी त्यांना चहा दिला आणि व्हिडिओ मागून घेतला. "तुम्ही दाखवला नसतात तर मी खोटं सोबत घेऊन मेले असते," म्हणाल्या. काका जिन्यात बसून राहिले थोडा वेळ.

त्यानंतर जिना स्वच्छ राहायला लागला. सेक्रेटरी म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. सकाळी खाली उतरताना मी फरशीकडे बघायचो. कोरडी. वैशाली रोज काहीतरी डब्यात घालून वर द्यायची, डबा धुऊन परत यायचा, त्यात काजू नाहीतर खडीसाखर. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. बोलणं मात्र दारातल्या दारात. जेवण आता बरोबर एकला व्हायचं, सगळ्यांसारखं. मला ते बघवत नव्हतं.

उन्हाळ्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या. गुडघा सुजला. भाऊ बडोद्याहून आला, भला माणूस. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळीच्या आधी ताईला घेऊन जाणार, फ्लॅट विकणार. "तिथे माणसं आहेत, म्हात्रेसाहेब. इथे तिला कोण आहे?"  माझ्याकडे बोलण्यासारखं होतं, पण तो बरोबर बोलत होता.

आषाढात एका सकाळी जिन्यात चिखल.

मी दोन-दोन पायऱ्या चढून वर गेलो. मॅडम फरशी पुसत होत्या, एका हाताने कठडा धरून.

"गुडघा?" मी ओरडलोच.

"आहे जागेवर. म्हात्रे, पक्षी गेले." त्यांच्या आवाजात जुनं काहीतरी परत आलं होतं. "पाऊस लागला की ते निघून जातात, हे मला आधी सुचायला हवं होतं. आता चिखलात जे होईल ते त्यांच्या नावावर घालता येणार नाही. दिवाळीपर्यंत एक खड्डा. एक खरा खड्डा मिळाला तर ती आहे. नाही मिळाला तर नाही. मग बडोद्याला जायला मी मोकळी."

पण पावसाळ्यात हे सोपं नव्हतं. पडलेला खड्डा पाऊस बुजवून टाकतो. ओहोटी दिवसा हवी, पाऊस थांबलेला हवा, आणि दोन्ही एका वेळी. शिंदेकाका त्यांना आपल्या स्कूटरवरून बांधापर्यंत सोडायला लागले आणि उगीच लांब उभे राहायचे. परत आल्यावर जिन्यात गाठ पडली की मी विचारायचो, आणि त्या मान हलवायच्या. "काही नाही." श्रावण गेला. गणपती आले, गेले. पुढे पुढे मी विचारणं सोडलं, कारण नाही म्हणताना त्यांना माझंच वाईट वाटायला लागलं होतं.

भाद्रपदाच्या शेवटाला, मी ऑफिसच्या कामासाठी उलवेला एका साइटवर असताना मॅडमचा फोन आला. "म्हात्रे, येता का? पाणी चढायच्या आत."

ज्यांच्याबरोबर होतो त्यांना काय सांगितलं आठवत नाही. बांधावर पोचलो तेव्हा भुरभुर थांबली होती, आभाळ खाली आलेलं. मॅडम एकट्याच होत्या. बांधाखाली, दगडांच्या कडेला, काठीवर भार टाकून उभ्या. समोर, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, चिखलात एक खड्डा.

"बघा."

मी वाकून बघितलं. मोठा होता. परातीएवढा नक्की. मधे उंचवटा नव्हता. एका कडेचा चिखल बाहेर पडल्यासारखा दिसत होता, पण पावसाने तो अर्धा वाहून गेला होता. तळाला पांढरं काहीतरी चमकत होतं, शिंपल्याचा चुरा असेल, नसेलही.

"बघितलंत? काय वाटतं?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या वेळी हो म्हणणं किती सोपं होतं हे मला कळत होतं. पण मला खोटं बोलता येत नाही. निदान त्यांच्याशी तर नाहीच.

"मॅडम, मला खड्डा दिसतोय. मोठा आहे. कोणाचा ते मला सांगता येणार नाही. कोणी जाळ्याचा बांबू उपटला असेल तरी असाच दिसेल."

त्यांनी मान डोलावली. "मलाही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बघतेय. म्हणूनच तुम्हाला बोलावलं. शिंदे असते तर माझ्यासाठी हो म्हणाले असते."

पाणी यायला लागलं. भरतीचं पाणी आवाज न करता येतं. आधी चिखलावर नुसती चमक, मग बारीक बारीक जिभा. एक जीभ खड्ड्याच्या कडेवरून आत उतरली. थोड्या वेळाने खड्डा भरला आणि मग तो कुठे होता तेही कळेना.

"फोटो?" मी विचारलं.

"नाही काढला."

"चला मग. पाणी दगडांपर्यंत येईल."

"म्हात्रे," त्या म्हणाल्या, "ती भरतीला येते. पाण्याबरोबर येते आणि पाण्याबरोबर जाते. हे मी पोरांना शिकवलंय. आणि मी आले ती दरवेळी ओहोटीला. ती निघून गेल्यावर." त्या पाण्याकडे बघत होत्या. "तुम्ही व्हा पुढे. मी आज भरतीला थांबते."

"पाण्यात काही दिसणार नाही मॅडम, एवढं गढूळ आहे."

"माहीत आहे."

त्यांना बांधावर चढवलं, एका सपाट दगडावर नीट उभं केलं, शिंदेकाकांना फोन करून यायला सांगितलं आणि मी निघालो. त्यानंतर पंधरवड्यातच भाऊ आला. मी नेमका सासुरवाडीला गेलेलो, परत येईपर्यंत दाराला कुलूप. जाण्याच्या सकाळी त्यांनी जिना धुऊन काढला होता, असं वॉचमन म्हणाला. अधूनमधून फोन होतो. तब्येत, हवा, भावाची नातवंडं. खाडीचा विषय त्या काढत नाहीत आणि मीही काढत नाही.

त्यामुळे मला मॅडम दिसतात त्या भरतीच्या दिवशीच्याच. बांधाच्या टोकाला गाडी वळवताना मी मागे बघितलं. पाणी पार दगडांना लागलं होतं. तपकिरी, सपाट, त्यावर काहीही नाही. मॅडम दोन्ही हात काठीवर ठेवून पुढे वाकल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. शिंदेकाका अजून पोचले नव्हते. तिथे दुसरं कोणी नव्हतं. त्या काय बोलत होत्या ते तेवढ्या लांबून ऐकू आलं नाही. मी काच खाली केली, थोडा वेळ थांबलो, आणि मग गाडी काढली.